'ऱ्या'चा तिढा बराचसा सुटला, आणि पुढचा प्लॅन बदलला

मंडळी, सर्च चालला! जुन्या मराठी पुस्तकाची पानं स्कॅन करून, ओसीआरने (म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरने) त्याचं ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, बनवतोय, आणि त्यात 'ऱ्या' असलेले शब्द बिघडून शोधाला सापडतच नव्हते. काल रात्री केओरीडर या ई-पुस्तकं वाचायच्या ॲपमध्ये 'गोऱ्या' टाकलं आणि झाशीच्या वेढ्यातली ठिकाणं एकाखाली एक येत गेली, गोऱ्यांनी, गोऱ्यांची, गोऱ्या शिपायांनी, सगळी. याआधी याच शोधाला जेमतेम दोन-चार ओळी यायच्या, जसं काही बाकीच्या पुस्तकात गोरे नाहीतच. लाइट गेलेली, बाहेर धो धो पाऊस, तरी मी बाबांना उठवून दाखवलं आणि त्यांनी चष्मा लावून नीट बघितलंही.

पुस्तक तेच, गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा माणूस १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेत जातो, ऐन बंडात सापडतो, झाशीच्या वेढ्यात आत अडकतो आणि एवढं सगळं होऊनही आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परततो, हे ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी आधी ते वाचा, माझं ईपब नंतर. चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये छापलेल्या पाठावर काम चालू आहे. वैद्य १९३८ मध्ये गेले, म्हणजे कॉपीराइटची साठ वर्षं कधीच उलटली आणि फाइल मोकळेपणी वाटता येईल. खरं तर मूळ हस्तलिखितावरून पोतदारांनी १९६६ मध्ये काढलेली प्रत मला जास्त आवडते कारण वैद्यांनी इंग्रज सरकारच्या धास्तीने बरीच काटछाट केली होती, पण ती स्कॅन करून वाटणं बरोबर नाही, ती फक्त शेजारी ठेवून वाचतो.

स्कॅनिंगचं थोडक्यात सांगतो. स्कॅनिंगसाठी बनवलेला आंब्याच्या पेटीचा स्टँड अजून भक्कम आहे. पानावर ठेवायची काच मात्र बदलली, खिडकीची जाड हिरवट काच काढून फोटोफ्रेमवाल्याकडून दोन एमएमची पातळ काच कापून आणली आणि फरक लगेच दिसला, पानाचा रंग स्वच्छ येतो. मोठ्या शहरातून महागडी नॉन-ग्लेअर काच मागवायची काही गरज नाही, फ्रेमवाला गाठा. दमटपणाने पानं लाटेसारखी होतात त्यावर उपाय एकच, आदल्या रात्री पुस्तक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पानं सरळ-साफ करायला स्कॅनटेलर, मग ओसीआरला टेसरॅक्ट पाच, मराठी डेटा, ३०० डीपीआय, हे मागच्या वेळसारखंच.

आता मुख्य गोष्ट. ज्यांनी जुनी मराठी पुस्तकं ओसीआर केलीत त्यांना ठाऊकच आहे की आपल्या त्या छोट्याशा वळणाच्या अर्ध्या र ने किती छळलंय. माझ्या फाइलमध्ये तो एकच र चार रूपांत निघाला. पहिलं दुसऱ्या, यात युनिकोडमधला ०९३१ नंबरचा ऱ आहे, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून J ची कळ मारल्यावर येतो तो. दुसरं दुसर्‍या, दिसायला डिट्टो तसंच पण आत साधा र, हलन्त आणि मग झेडडब्ल्यूजे नावाचं डोळ्यांना न दिसणारं जोड-अक्षर. तिसरं दुसर्या, म्हणजे ते अदृश्य अक्षर वाटेत गळलं आणि र डोक्यावर रफार होऊन बसला. आणि चौथं दुस-या. हे चौथं का होतं ते बघायला मी भिंगाखाली पान धरलं. जुन्या खिळ्यांच्या छपाईत ते वळण इतकं बारीक आहे की शाई जरा कमी लागली की वरचं टोक उडतं आणि य च्या पोटाजवळ मधोमध एक आडवा तुकडा उरतो. मशीन त्याला जोडरेघ समजणार नाही तर काय.

तिसऱ्या रूपाचा उगम सापडायला फार वेळ गेला. टेसरॅक्टची कच्ची टेक्स्ट फाइल उघडली की तिथे अक्षरं ठीक दिसायची आणि ईपबमध्ये मात्र रफार. शेवटी प्रत्येक टप्प्यावर तोच एक परिच्छेद काढून त्यातल्या अक्षरांचे नंबर छापून बघितले, तर नको असलेली अदृश्य अक्षरं पुसणारी जी फुकटची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) बरेच जण वापरतात ती झेडडब्ल्यूजेसुद्धा पुसत होती. इंग्रजी मजकुराला त्याने काहीच होत नाही, मराठीचा मात्र अर्थच बदलतो. तुम्ही ती स्क्रिप्ट वापरत असाल तर आज उघडून बघा, आणि साफसफाईच्या आधी झेडडब्ल्यूजेवाले सगळे र ०९३१ मध्ये बदलून घ्या म्हणजे पुसायला काही राहतच नाही. काही सॉफ्टवेअर ऱ चे र आणि नुक्ता असे दोन तुकडे करतं, म्हणून अगदी शेवटी एनएफसी (युनिकोडचं तुकडे जोडून एकसारखं करणारं रूपांतर) करून घ्या, त्याने ते परत जुळतात.

पण खरी कोंडी फुटली ती चौथ्या रूपात. जुन्या छपाईत ओळ संपताना शब्द तुटतो आणि तिथे खरीच जोडरेघ असते, ती काढून शब्द सांधणारा कोड आपण सगळेच चालवतो. तो कोड 'गो-या'चं 'गोया' करून टाकायचा आणि 'किना-यावर'चं 'किनायावर'. आधी सांधू नये म्हणावं तर खरे तुटलेले शब्द तसेच राहतात. परवा पडवीत बसून नुसती पानं चाळत होतो, कोड नाही काही नाही, आणि लक्षात आलं की ओळीच्या सुरुवातीला कुठलाही छापखाना जोडरेघ टाकत नाही! ती नेहमी ओळीच्या शेवटी. म्हणजे ओळीच्या सुरुवातीला '-या' दिसलं की तो शंभर टक्के ऱ्या. ओळीच्या मधे, आजूबाजूला स्पेस नसताना दिसलं तर जवळजवळ नक्की ऱ्या. शंका फक्त ओळीच्या टोकाला. मग क्रम उलटा केला, आधी सुरुवातीचे आणि मधले ऱ्या दुरुस्त, मग ओळी सांधायच्या, आणि सांधल्यावर जो शब्द खऱ्या शब्दांच्या यादीत सापडत नाही त्याच्यात ऱ् घालून बघायचा, सापडला तर ठेवायचा. हे चालवलं आणि फाइल एका झटक्यात माणसात आली.

काही जोड्या तरी हातानेच बघाव्या लागतात कारण दोन्ही शब्द खरे आहेत, वाया आणि वाऱ्या, पाया आणि पाऱ्या, दया आणि दऱ्या. त्यांची वेगळी यादी बनते, चहा घेताना एकेक ओळ बघून टाकतो, कंटाळा येत नाही कारण त्या निमित्ताने पुस्तक परत वाचून होतं.

रफार झालेल्यांचं काम त्यामानाने सोपं निघालं. र्ह दिसला की बहुतेक वेळा ऱ्हच हवा असतो, वऱ्हाड, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा, बऱ्हाणपूर. अर्ह आणि गर्हणीय वगैरे मोजके संस्कृत शब्द सोडले की झालं. र्य च्या पुढे काना नसेल तर हात लावायचा नाही, सूर्य, कार्य, पर्यंत हे आपोआप वाचतात. राहतो तो र्या. तिथे सूर्य, कार्य, धैर्य, शौर्य, आश्चर्य, ऐश्वर्य, आचार्य, मर्यादा, भार्या, दिनचर्या अशा मुळांची यादी केली, शब्द त्यातल्या कशाने सुरू होत असेल तर सोडा, नाहीतर ऱ्या करा. इथे आपल्या कोकणाने दगा दिला. आजीच्या आठवणी मी टाइप करून ठेवल्यात त्या टेस्ट फाइल म्हणून वापरतो, त्यात घरामागच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पूर आल्याचं वर्णन आहे, आणि पर्याय-पर्याप्त वाचवायला यादीत नुसतं 'पर्या' लिहिलेलं असल्यामुळे आजीचा पऱ्या 'पर्या'च राहिला. आता पर्याय आणि पर्याप्त हे पूर्ण शब्द लिहिलेत. दर्या आणि दऱ्या यांना मात्र कुठलाच नियम लागू पडत नाही आणि आमच्याकडे दोन्ही आहेत, हाकेच्या अंतरावर. ते हातानेच.

डिक्शनरीबद्दल लिहायचं राहिलंच होतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वेंचा शब्दकोश दोन्ही स्टारडिक्ट या डिक्शनरी-फाइलच्या प्रकारात बदलून घेतले, पायग्लॉसरी या सॉफ्टवेअरने काम छान होतं, कुणी नवीन असेल तर सरळ तेच घ्या. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ चीच, म्हणजे भटजी घरून निघाले त्याच सालची, आणि तिच्यात 'करणें' असे जुने अनुस्वार जसेच्या तसे असल्यामुळे या पुस्तकाशी तिची गट्टी जमते. माझं मत ठाम आहे की ईपब करताना नांव, कांहीं, केलें हे अनुस्वार काढू नयेत. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम नंतरचे, ते मागे जाऊन लावले की त्या काळाचा आवाज जातो. ज्यांना अडखळायला होतं त्यांच्यासाठी वेगळी फाइल करा, पण मूळ तसंच ठेवा.

परवा पॅसेंजरने चिपळूणला गेलो तेव्हा हे सगळं प्रत्यक्ष वापरून बघितलं. भोके स्टेशन सोडलं की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, नेटवर्क शून्य, डब्यात मिणमिणता उजेड, आणि मी शब्दावर बोट दाबून धरतोय आणि मोल्सवर्थ उघडतोय! पुढे क्रॉसिंगला गाडी बराच वेळ पडून होती, लोक वैतागले होते, मला उलट बरं वाटलं, काळपीपर्यंत वाचून झालं. फॉन्ट 'तिरो देवनागरी मराठी' लावलाय, त्यात ऱ चं वळण ई-इंकच्या (कागदासारख्या दिसणाऱ्या) स्क्रीनवर लहान साइजलाही स्पष्ट दिसतं. आयआयटी मुंबईचा 'शोभिका' जोडाक्षरांसाठी सुंदर आहे पण माझ्या स्क्रीनवर जरा बारीक वाटतो. आणि ईपबमध्ये भाषेच्या जागी मराठीच लिहा, हिंदी राहिलं तर ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत त्यात ल आणि श हिंदी येतात आणि वाचताना खड्यासारखं लागतं.

गाडीतच एक नवीन अडचण कळली. 'किनाऱ्यावर'वर बोट ठेवलं तर डिक्शनरी म्हणते सापडलं नाही, कारण तिच्यात 'किनारा' आहे. पायऱ्यांनी, शेतकऱ्याला, सगळ्यांचं तेच. स्टारडिक्टला पर्यायी शब्दांची डॉट-सिन फाइल जोडता येते, तर प्रत्येक रूप त्यात टाकायचं असं ठरवलं होतं.

थांबा, हे लिहिता लिहिताच डोक्यात आलंय. रा आणि री ने संपणारा प्रत्येक मूळ शब्द मोल्सवर्थमधून उचलून स्क्रिप्टनेच त्याचं ऱ्या-रूप बनवता येईल, किनारा-किनाऱ्या, पायरी-पायऱ्या, गोरा-गोऱ्या, आणि पुढे ला, ने, वर, त, चा, हे प्रत्यय. मग तीच यादी डिक्शनरीलाही लागेल आणि ओसीआर दुरुस्त करताना शब्द खरा की खोटा ते तपासायलाही! दोन वेगळी कामं म्हणून धरून बसलो होतो ती एकच निघाली. पऱ्यासारखे जे मुळातच ऱ्या ने संपतात ते वेगळे घ्यावे लागतील, पण ते थोडे.

त्यामुळे पुढचं प्रवासवर्णन स्कॅनिंगला घ्यायचा बेत पुढे ढकलतोय. आधी ही यादी. त्यानंतर रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयात जाऊन, १८२८ पासूनचं आहे ते, जुन्या प्रवासवर्णनांपैकी काय काय हाताळायला मिळतं ते विचारीन, आणि स्कॅन करायची परवानगी देतात का तेही.

कुणाकडे र्या असलेल्या संस्कृत शब्दांची तयार यादी असेल तर कृपया द्या, माझी मुळांची यादी अजून तोकडी आहे. आणि मालवण-देवगडकडच्या मंडळींनी पऱ्यासारखे तिकडचे शब्द सांगा, म्हणजे स्क्रिप्ट त्यांना रफार लावणार नाही. यादी झाली की डॉट-सिन फाइल आणि ईपब दोन्ही एकदमच टाकतो.