न्यू जर्सीत सर्व्हिस रायफल : पहिल्या हंगामाची नोंद

मंडळी, हंगाम संपला. कुठवर आलोय ते एकदा लिहून ठेवतो. न्यू जर्सीत राहून सर्व्हिस रायफलचा, म्हणजे लष्करी धाटणीच्या रायफलीने लक्ष्यावर नेमबाजीचा, खेळ सुरू करता येतो का, असं इथले मराठी मित्र अधूनमधून विचारतात. येतो. फक्त सुरुवात एम-वन गॅरंड या अमेरिकी लष्कराच्या जुन्या रायफलीने करा, असं माझं आता पक्कं मत झालंय.

त्यामागचं मोठं कारण इथला कायदा. १९९०च्या कायद्यात काही बंदुकांवर नावानिशी बंदी आहे; कोल्ट एआर-१५ त्यात आहे आणि एम-वन कार्बाइनही आहे. यादीत नसलेल्या, सुटं मॅगझीन लागणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींची अंगं मोजली जातात : घडीचा किंवा सरकता दस्ता, पिस्तूल ग्रिप, संगीन लावायची खुंटी, फ्लॅश सप्रेसर (नळीच्या टोकाशी जाळ झाकणारा भाग) किंवा तो बसेल असे आटे पाडलेली नळी, ग्रेनेड लाँचर. यातली दोन सापडली की रायफल बाद. गॅरंड या मोजणीत येतच नाही. तिचं मॅगझीन आतच पक्कं असतं आणि आठ काडतुसांची पत्र्याची क्लिप वरून दाबून भरायची असते, म्हणजे २०१८ पासूनच्या दहा काडतुसांच्या मर्यादेतही ती आरामात बसते. नाव वाचताना मात्र डोळे उघडे ठेवा. कार्बाइन आणि गॅरंड, दोन्ही ‘एम-वन’ म्हणून विकायला येतात. एक बंदीच्या यादीत, दुसरी मोकळी.

रायफल विकत घ्यायची तर आधी फायरआर्म्स आयडी कार्ड हवं. अर्ज आपल्या गावच्या पोलिसांकडे जातो. बोटांचे ठसे, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला संमती, ओळखीच्या माणसांचे संदर्भ, आणि आता सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखलाही. ज्यांचं नाव संदर्भाला देणार त्यांना आधी घरी बोलावून, चहा पाजून नीट सांगा. आपल्याकडच्या माणसाला बंदुकीसाठी पोलिसांकडून विचारणा आली की धसका बसतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

कार्ड आलं की सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, म्हणजे सीएमपी. अमेरिकी लष्कराच्या जुन्या गॅरंड हीच संस्था विकते. त्यासाठी नागरिकत्वाचा पुरावा, संलग्न क्लबचं सदस्यत्व आणि नेमबाजीत भाग घेतल्याचा दाखला लागतो. ग्रीन कार्डवाल्यांनी या वाटेवर नागरिकत्वापर्यंत थांबायचं. तोवर क्लबात जाऊन, दुसऱ्याच्या रायफलवर, अनुभवी माणसाच्या नजरेखाली शिकायला सुरुवात करता येते. मीही तशीच केली.

माझी रायफल स्प्रिंगफील्ड आर्मरीची, १९५०च्या दशकातली. अक्रोडाच्या लाकडावर ओरखडे आहेत, नळी चांगली आहे. वजन साडेनऊ पौंडांच्या आसपास. मागच्या साइटची चकती एक खटका फिरवली की २०० यार्डांवर गोळी साधारण दोन इंच सरकते, आणि तो खटका बोटांना स्वच्छ जाणवतो. दारूगोळा मात्र एम-टू बॉलच्या, म्हणजे लष्कराच्या जुन्या .३०-०६ काडतुसाच्या, तोडीचाच वापरा. शिकारीची जड, जोरकस .३०-०६ काडतुसं गॅरंडचा ऑपरेटिंग रॉड, म्हणजे बोल्ट मागे-पुढे करणारा दांडा, वाकवू शकतात.

आता खऱ्या कामाचं. नॅशनल मॅच कोर्स, म्हणजे या खेळाचा ठरलेला क्रम, ५० गोळ्यांचा, ५०० गुणांचा. २०० यार्डांवर उभं राहून दहा, मग बसून ६० सेकंदांत दहा. ३०० यार्डांवर पालथं पडून ७० सेकंदांत दहा. शेवटी ६०० यार्डांवर पालथं पडून सावकाश वीस. स्वप्नील कुसळेमुळे थ्री पोझिशन आपल्याकडे घरोघरी कळली, पण इथे गुडघ्याऐवजी बहुतेक जण बसूनच मारतात, आणि बसण्यात आपण पुढे आहोत! पंगतीत जेवलेल्या माणसाला मांडी घालायला शिकवावं लागत नाही. मात्र नुसती मांडी पुरत नाही. कंबरेतून पुढे वाकायचं आणि कोपरं गुडघ्यांच्या पुढे, पोटरीलगतच्या खळगीत टेकवायची. हाडावर हाड टेकलं की कोपर घसरतं. रायफलीचा चामड्याचा पट्टा (स्लिंग) दंडावर वरपर्यंत चढवून आवळायचा, इतका की रायफल पट्ट्यावर पेलली जाईल आणि डावा हात सैल सोडता येईल. मग नेम धरा, डोळे मिटा, श्वास सोडा, डोळे उघडा. नेम बाजूला गेलेला दिसला तर हाताने ओढून आणू नका, बूड सरकवा. रोज रात्री रिकाम्या रायफलवर, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, हेच करत आलोय.

पहिली स्पर्धा गॅरंड मॅचची झाली. सगळं २०० यार्डांवर : पाच चाचणीच्या गोळ्या, मग पालथं पडून सावकाश दहा, पालथंच ८० सेकंदांत दहा, शेवटी उभं राहून दहा. गुण ९१, ८४ आणि ६८, म्हणजे ३०० पैकी २४३. घसरण कुठे होते ते आकड्यांवरूनच दिसतंय. उभ्याने नेम धरला की १३ इंचांचा काळा गोल सारखा डोलतो, आणि तो थांबण्याची वाट बघत बसलं तर हात थकतात. डोलणं लहान झालं की त्यातच चाप दाबत न्यायचा, हे हळूहळू अंगी लागतंय. जलदमध्ये, म्हणजे ठरल्या सेकंदांत दहा मारायच्या फेरीत, आधी दोन काडतुसांची क्लिप, मग आठची. क्लिप बदलताना गाल दस्त्यावरून उठला तरी कोपर हलू देऊ नका, वेळ आपोआप पुरतो.

हिवाळ्यात एआर, म्हणजे एआर-१५च्या घडणीची पण बंदीच्या यादीत नसलेली रायफल, जुळवायला घेणार आहे. सीएमपीने २०१६ पासून साडेचार पटीपर्यंतची दुर्बीण चालवून घेतलीय, त्यामुळे पन्नाशीतल्या डोळ्यांना तिचा मोह होतोच. सरकता दस्ताही नियमात बसतो, पण न्यू जर्सीत पिस्तूल ग्रिपसोबत तो आला की दोन अंगं झाली. म्हणून ए-टू प्रकारचा, न सरकणारा पक्का दस्ता, बिनआट्यांची नळी, संगिनीची खुंटी नाही. नेमबाजीत यामुळे काही उणं पडत नाही. जलदमध्ये एका वेळी जास्तीत जास्त आठच काडतुसं भरायची असतात, त्यामुळे दहाची मर्यादाही आड येत नाही. सुटे भाग मागवण्याआधी त्या दिवशी लागू असलेला कायदा स्वतः वाचा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

मला कायद्यापेक्षा अंतराचीच अडचण जास्त वाटते. आमच्या क्लबात १०० यार्डांवर लहान केलेल्या लक्ष्यांवर कोर्स होतो आणि तिथे वारा कळतच नाही. ६०० यार्डांसाठी राज्याबाहेर जाणं आलं : रायफल रिकामी, कुलूपबंद पेटीत, डिकीत, आणि वाटेत रेंगाळायचं नाही. रेंजवर जातानाही हाच नियम पाळा.

इथल्या माणसाला सांगायला आवडेल अशी एक गोष्ट : नेमबाजीचे राष्ट्रीय सामने १९०३ साली सुरू झाले ते आपल्याच न्यू जर्सीतल्या सी गर्टला, आणि १९०७ मध्ये ओहायोच्या कॅम्प पेरीला गेले. पुढच्या उन्हाळ्यात तिथल्या स्मॉल आर्म्स फायरिंग स्कूलला नाव घालणार आहे. शिकवायला लष्करी नेमबाज असतात, रायफल आणि काडतुसं तिथेच मिळतात. इंटरस्टेट ८० धरली की मधे फक्त पेनसिल्व्हेनिया लागतं. एडिसन-पार्सिपनीकडून कोणी येणार असेल तर गाडीत जागा आहे.