जॉइंट दिसायला नकोत

एप्रिलमधली भर दुपार. वडगावातून फोन आला, "हॉलमधली फरशी उठलीय की वो! मोठ्ठा आवाज झाला, आम्ही बाहेर पळालो." जाऊन बघतो तर दोन बाय चारच्या फरश्यांची अख्खी ओळ एकमेकींना टेकून उभी. तडा एकीलाही नाही. शेजारच्या काकूंनी तोवर वास्तुदोष काढलाही होता.

एक फरशी उलटी केली. पाठ कोरी. कंपनीचं नाव वाचता येत होतं, खाचांत कारखान्यातली पांढरी पूड तशीच. खालच्या सिमेंटवर मात्र त्या पाठीची जाळी रेघ न् रेघ उमटलेली. म्हणजे सिमेंटचा माल सगळीकडे पोचला होता, पण धरला नव्हता. व्हिट्रिफाइड फरशी अर्धा टक्काही पाणी पीत नाही, नुसती सिमेंटची पातळ स्लरी तिला धरणार कशी? त्यात ती पूड पुसायचे कष्ट कोण घेतो!

पण सुटलेली फरशी नुसती पोकळ वाजते, वर्षानुवर्षं जागेवर पडून राहते. इथं दोन फरश्यांत जॉइंटची फट राखणारे स्पेसरच नव्हते. फरशीला फरशी भिडवलेली, कडेला भिंतीपर्यंत सिमेंट गच्च. खालचा थर सुकताना आकसतो, फरशी आकसत नाही. मोठ्या खिडकीतून ऊन पडलं की उलट वाढते. मग वर उठण्याशिवाय तिला जागा कुठली?

घरमालक निवृत्त मास्तर. त्यांच्या मते फरशीच डुप्लिकेट. दुकानदार मेस्त्रीवर ढकलतो. मेस्त्रीला फोन लावला तर म्हणतो, "मालकच म्हणाले, जॉइंट दिसायला नकोत, घाण बसते." मास्तरांनी ते नाकारलं नाही. आर्किटेक्टच्या रंगीत चित्रात तर जॉइंट नसतातच. आमच्याकडे भारी फरशीला लोक हसत पैसे मोजतात. ती चिकटवायच्या अ‍ॅडेसिव्हची गोणी सांगितली की मात्र म्हणतात, मेस्त्रीचं दुकानात कमिशन असणार!

बाकीचा हॉल ठोकून बघितला, निम्मा पोकळ. मास्तरांना उठलेली ओळ तेवढी बसवून हवीय. ती अ‍ॅडेसिव्हवर, दोन मिलिमीटर जॉइंट सोडून बसवीन. भिंतीलगतच्या स्कर्टिंगपट्टीखालची कडही कापून मोकळी करीन, ती कुणाला दिसत नाही. पण उरलेल्या पोकळ फरश्यांचं काय? दाबाचा जोर निघून गेलाय, म्हणून राहतीलही. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात उठतील, आणि तेव्हा नाव माझं निघेल. जुना मेस्त्री मजुरी सोडायला तयार आहे, फरश्यांचे पैसे मालकांनी द्यावेत म्हणतो. मला त्याचं फारसं चूक वाटत नाही, पण हे मास्तरांना सांगणार कोण?

निघताना सूनबाईंनी विचारलं, "काका, ते दोन मिलिमीटर एक करता येईल का?"

कोटेशन अजून दिलेलं नाही.