दहाव्या बोटाशी संपणारी कविता

विदर्भ साहित्य संघाची स्थापना 14 जानेवारी 1923 ची. दर संक्रांतीला आमच्याकडची मोठी माणसं संघाच्या वर्धापनदिनाला जायची आणि त्यानंतरच्या रविवारी नागपूरच्या धरमपेठेत आमच्या वाचक मंडळाचा मेळावा भरायचा. नियम एकच. स्वतःची कविता वाचायची नाही. साहित्य अकादमी मिळालेला एक कवितासंग्रह घ्यायचा आणि सगळ्यांनी आळीपाळीने वाचायचा.

मला पहिल्यांदा कळली ती 'दशपदी'. 1977 ची अकादमी, आणि तिचे कवी अनिल तर नागपुरातच राहिलेले. बाबा वाचत होते, मी सतरंजीवर त्यांच्या गुडघ्याला टेकून बोटं मोजत होते. एक ओळ, एक बोट. दहावं बोट मिटलं की कविता संपलेली! दर वेळी ते जुळायचं आणि दर वेळी मला तेवढाच आनंद व्हायचा. मुक्तछंद मराठीत रुजवणाऱ्या कवीने उतारवयात स्वतःला दहा ओळींत बांधून घेतलं होतं, याचं मोल मला फार पुढे समजलं.

'खूणगाठी'च्या वर्षी (1986 ची अकादमी) मेहकरकडचे एक काका संग्रहाचे कवी ना. घ. देशपांड्यांचा उल्लेख 'आमचे वकीलसाहेब' असाच करत होते. त्या दिवशी सांबारवडी थंड झाली तरी कुणी उठलं नाही.

सगळ्यात जड गेली 'भिजकी वही'. पुस्तक हातालाही जड. तिचे कवी अरुण कोलटकर सप्टेंबर 2004 मध्ये गेले आणि अकादमी आली 2005 ची. आरती प्रभूंचंही तसंच झालं होतं. ते 1976 ला गेले, 'नक्षत्रांचे देणे'ला पुरस्कार 1978 चा. दोन्ही वेळा कवीच्या हाती काही पडलं नाही, हे मला अजूनही लागतं. त्या संध्याकाळी हायपेशिया, कॅसांड्रा अशी कधी न ऐकलेली नावं वाचताना काकूंचा आवाज ओला झाला. त्यांनी पुस्तक शेजारणीच्या मांडीवर ठेवलं. शेजारणीने तीच ओळ पुढे धरली.

'चित्रलिपी'चा दिवसही छान गेला. तिचे कवी वसंत आबाजी डहाके म्हणजे आपल्या अमरावतीचे.

नियम मोडला तो फक्त कवी ग्रेस यांच्यासाठी. 2011 ची अकादमी त्यांना मिळाली ती 'वाऱ्याने हलते रान' या ललितलेखांच्या पुस्तकाला. तरी 2012 च्या जानेवारीत मंडळाने एकमुखाने ठरवलं, यंदा 'संध्याकाळच्या कविता'च वाचायच्या. दिवेलागणीला सुरुवात केली. अर्थ लागला नाही तरी चालेल, आवाज चुकू द्यायचा नाही, असं बाबांनी आधीच बजावलं होतं. आम्ही फार हळू वाचलं, आणि अर्ध्यावरच रात्र झाली.

26 मार्चला ग्रेस गेले. पुढच्या जानेवारीत आम्ही पोचलो तेव्हा कुणी तरी तोच संग्रह सतरंजीवर आणून ठेवला होता. आत मागच्या वर्षीची खूण तशीच होती, तिळगुळाच्या पुडीचा कागद. तिथूनच पुढे वाचायला घेतलं.