सूडकथेची नोंद : रक्तगट आला, विष गेलं

कादंबरी निम्म्याच्या पुढे सरकली आहे. मागच्या नोंदीनंतर नवीन पानं फारशी लिहिली नाहीत, उलट होती त्यातली बरीच काढली. पण कथानकाचा कणा एकदाचा बसला, म्हणून लिहितेय. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी : घरातून हाकलून दिलेली एक बाई, तिच्या दोन मुली, आणि घराची सगळी सूत्रं हातात असलेला त्यांचा काका. मुलींची नावं अजून ठरत नाहीत, तोवर थोरली आणि धाकटी. सूड मुलींचा. पहिल्या खर्ड्यात रहस्य काय होतं, तर ‘आईचं बाहेर काहीतरी होतं’. याला रहस्य म्हणत नाहीत, कुजबुज म्हणतात.

आता सगळं रक्तगटावर उभं आहे. बापाचा गट कागदोपत्री ओ, आईचा ए, थोरलीचा बी. शाळेतलं जीवशास्त्र आठवणारा कुणीही सांगेल, ही पोर या बापाची नव्हे. घरानंही तेच ठरवलं. आई थोरलीला घेऊन बाहेर पडली. धाकटीचा गट ओ निघाला म्हणून ती ‘आपली’, तिला ठेवून घेतलं. वाचकानं शंभरेक पानं हेच धरून चालावं अशी माझी इच्छा आहे, आणि तो चालेल, कारण नियम खराच आहे.

अपवादही तितकाच खरा आहे. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगट. ए आणि बी ही अँटिजेन्स, म्हणजे रक्तपेशींवरच्या खुणा, एच नावाच्या पायावर बांधली जातात, आणि या माणसांच्या पेशींवर तो पायाच नसतो. त्यामुळे जनुकात बी असला तरी तो दिसत नाही, साध्या तपासणीत माणूस सरळ ओ ठरतो. त्याच्या मुलाला आईकडून एच मिळाला, की बापात दडलेला बी मुलाच्या रक्तात उघडा पडतो. म्हणजे थोरली त्याच बापाची. आई पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती.

इथवर आले तेव्हा वाटलं, जमलं. पण अपवाद सापडणं म्हणजे कादंबरी नव्हे, ती फार तर चुटक्यासारखी कलाटणी. अपवाद कुणाला तरी माहीत होता आणि तो गप्प बसला, इथे कादंबरी सुरू होते. एच न बनवणारं हे जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं, म्हणून भावंडांत पुन्हा तोच गट निघण्याची शक्यता चारात एक. तर काकाही बॉम्बे. त्याच्या जुन्या शस्त्रक्रियेच्या वेळचा रक्तपेढीतला प्रसंग मी सावकाश लिहिला आहे. ओ गटाची पिशवी, क्रॉस-मॅच (दात्याचं रक्त रुग्णाशी जुळतं का ते पाहणं), तंत्रज्ञ नळी उजेडापुढे धरून हळूच हलवते. तळाची लाल गोळी विरघळल्यासारखी पसरायला हवी, ती एकसंध गुठळी होऊन तशीच राहते. दुसरी पिशवी, तेच. तिसरी, तेच. ओ माणसाला ओ रक्त चालत नाही, असं कसं? मग डॉक्टर त्याला समजावून सांगतात, आणि जाता जाता म्हणतात, तुमच्या भावंडांचीही तपासणी करून घ्या. काका हो म्हणतो. तेव्हा भाऊ जिवंत आहे, वहिनीला घराबाहेर काढून फार दिवस झालेले नाहीत, आणि भावाच्या वाट्याची जमीन हळूहळू काकाच्या नावावर येते आहे. तो कागद घडी घालून ठेवून देतो. कादंबरीतला गुन्हा एवढाच. खून नाही, मारहाण नाही.

सूडाचं सांगायचं तर पहिल्या खर्ड्यात आर्सेनिक होतं. आपल्या या प्रकारात बाई सूड घेते म्हटलं की लेखकाचा हात आपोआप विषाकडे जातो. पण जेम्स मार्शनं आर्सेनिक ओळखायची चाचणी 1836 सालीच दिली होती, आणि 1840 साली फ्रान्समध्ये मारी लाफार्ज नवऱ्यावर विषप्रयोग केल्याबद्दल त्याच चाचणीच्या आधारे दोषी ठरली. आजच्या काळातल्या थोरलीनं ते वापरायचं म्हणजे तिला मूर्ख ठरवायचं. त्याहून मोठी अडचण अशी, की विष कुणालाही देता येतं. काकाच्या गुन्ह्याशी त्याचं काही नातं नाही.

मला हवा होता अंबेसारखा सूड. भीष्माला मारायला तिनं नवं शस्त्र शोधलं नाही. पूर्वी स्त्री असलेल्यावर मी बाण चालवणार नाही, हा त्याचाच नेम तिनं शिखंडी होऊन त्याच्यासमोर उभा केला. सूडाचं हत्यार ज्याच्यावर सूड घ्यायचा त्याच्याच घरातून आलं पाहिजे.

म्हणून : काकाला पुन्हा रक्त लागतं. बॉम्बे गटाला फक्त बॉम्बे चालतं, कारण बाकी सगळ्या रक्तांत, अगदी ओ मध्येही, एच असतो आणि त्यांचं रक्त तो परका मानतं. थोरलीच्या रक्तात एच आहे, तिचा उपयोग नाही. धाकटी मात्र साधी ओ नाहीच, तीही बॉम्बे. रक्तदान स्वेच्छेचं, नकार दिला तर तो गुन्हा होत नाही. जिच्यावर अन्याय झाला तिच्या हातात काही नाही, आणि जिच्या हातात आहे तिला याच काकानं वाढवलं, तापात रात्र रात्र उशाशी बसून. थोरलीनं तिला ते पटवायचं आहे. दोघींच्या संवादाची ही प्रकरणं लिहिताना मजा येतेय, दुसरा शब्द नाही.

भोकं बुजवायला वेळ गेला. शस्त्रक्रिया ठरवून असेल तर काका आधीच स्वतःचं रक्त काढून ठेवू शकतो, रक्त टिकवणारं द्रावण असलेल्या नेहमीच्या सीपीडीए-1 पिशवीत ते 35 दिवस टिकतं. गोठवलेल्या लाल पेशी तर 10 वर्षं. शिवाय दुर्मीळ गटाच्या दात्यांच्या याद्या असतात. तेव्हा अचानक रक्तस्राव, रात्र, आणि यादीतला दाता निघालाय पण पोहोचायला तास लागणार. धाकटीच्या नकारानं काका मरेलच असं नाही, हे मी मुद्दाम ठेवलं. तिला ते माहीत आहे, त्यामुळे पळवाटही आहे आणि ती पळवाट आहे हेही तिला कळतं. दुसरं भोक म्हणजे आईकडेही ते जनुक असणं फार योगायोगाचं वाटेल. म्हणून आईबापांचं दूरचं नातं दुसऱ्याच प्रकरणात पेरलं आहे, एका फोटोमागच्या नावांच्या ओळीत.

निवेदन : थोरली ‘मी’, धाकटी तृतीयपुरुषी. थोरली भावना लपवेल, वस्तुस्थितीबद्दल खोटं बोलणार नाही. निवेदकच शेवटी ‘मी फसवलं’ म्हणतो त्या कादंबऱ्यांचा मला कंटाळा आला आहे.

शेवट लिहून झाला आहे, सांगणार नाही. कच्चं वाचणाऱ्या दोघींपैकी एकीला धाकटी रक्त देईल अशी खात्री होती, दुसरीला देणार नाही अशी. दोघी आपापल्या मताला एकाच प्रसंगाचा दाखला देत होत्या, तापाच्या रात्रीचा. त्या प्रसंगाला आता हात लावत नाही. पुढचं काम काकाच्या प्रकरणाचं, कारण तो अजून फार सरळ खलनायक वाटतोय.