तुम्ही विचारलंत म्हणून: मला काय सापडलं

दरवेळी तोच प्रश्न. प्राचीन माणसाच्या खुणा शोधत नर्मदेवर इतकी वर्षं जात होतीस, मग तुला स्वतःला काय सापडलं? विचारणाऱ्यांना भूवैज्ञानिक अरुण सोनाकिया माहीत असतात, त्यांना नर्मदाकाठच्या हथनोऱ्याला प्राचीन माणसाची कवटी सापडली तो ५ डिसेंबर १९८२ माहीत असतो, ती हथनोऱ्याची कवटी माहीत असते (बहुतेकांना मीच कधीतरी ऐकवलेली असते), त्यामुळे ते परत उगाळत नाही. त्यांना माझं हवं असतं. तुझी कवटी कुठाय. आणि परिक्रमा केलीस का हा जोडप्रश्न ठरलेला, तर नाही केली, होशंगाबादच्या आसपासचा तोच पट्टा सात हिवाळे वर-खाली तुडवला, पुण्य लागलं असलंच तर हप्त्याहप्त्याने लागलं असेल. आमची एक आत्या तर भर पंगतीत म्हणाली, एवढी नदीत राहून नर्मदेतला गोटाच राहिलीस की गं. सगळे हसले. मीपण हसले.

म्हणून एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवेन.

आधी भांडून घेते. हाड सापडणं आणि दगड सापडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हे कुणी लक्षातच घेत नाही. दगडाची हत्यारं मध्य नर्मदेत भरपूर मिळतात, १८७०च्या दशकातच भुतरा गावाला गाळातून हँडॲक्स, म्हणजे दगडाची हातकुऱ्हाड, निघाली होती, आणि ते साहजिकच आहे, कारण एक माणूस आयुष्यात कितीतरी हत्यारं घडवतो, बोथट झालं की टाकतो, परत घडवतो, आणि क्वार्ट्झाइट लाखभर वर्षांत कुजत नाही. हाडं मात्र माणूस एकदाच मागे ठेवतो, तीही तरस-कोल्ह्यांतून, पावसातून आणि पुरातून उरली तर. म्हणून इतक्या मोठ्या खोऱ्यातून आपल्याकडे काय आहे, तर कवटीचा वरचा भाग, तोही मुख्यतः उजवीकडचा, जबडा नाही, एकही दात नाही. नंतर मानवशास्त्रज्ञ संख्यान यांना मिळालेली गळपट्टीची हाडं आणि आणखी थोडे तुकडे. झालं. अख्ख्या देशाचा त्या काळातल्या माणसाच्या हाडांचा संसार जवळजवळ एवढाच. तेव्हा मला कवटी मिळाली नाही यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

हे सगळं खरं आहे आणि तरी हे सांगताना मी पळ काढत असते. कारण मला सापडलं होतं.

तिसरा हिवाळा. जानेवारी, सकाळी धुकं एवढं की समोरचा काठ दिसत नव्हता. सर आणि बाकीचे दोघं नावाड्याबरोबर खालच्या अंगाला गेलेले आणि मी एका नाल्याच्या तोंडाशी एकटी, काम काय तर सेक्शनचं, म्हणजे काठाच्या उभ्या कापात दिसणाऱ्या थरांचं, स्केच. तिथे काठाची कड सरळ उभी तासल्यासारखी होती, खाली गोट्यांचा घट्ट थर, त्यावर हातभर वाळू, त्यावर पुन्हा गोट्यांचा दुसरा थर आणि वर पिवळट गाळ. ऊन जरा आल्यावर गोट्यांमध्ये एक कड चमकली. बोटभरच बाहेर आलेली, तांबूस क्वार्ट्झाइट, पण नदीने घासलेल्या गोट्याला अशी कड नसते, ती कुणीतरी दोन्ही बाजूंनी छिलके उडवून काढलेली असते. इतके दगड हाताळल्यावर ते डोळ्याआधी पोटाला कळतं.

आता काय करायचं असतं ते मला पाठ होतं. हात लावायचा नाही. स्केल ठेवून फोटो, पायथ्यापासून उंची, कुठल्या थरात, टोक कुठल्या दिशेला, सगळं फिल्डबुकात, मग सरांना हाक आणि मग काढायचं. मी नव्या पोरांना हे शिकवत होते त्या वर्षी, हे विशेष.

मी हात लावला. फक्त हलतंय का बघू म्हणून. आणि ते इतकं सहज हललं की दुसरं बोट लागलं, मग अंगठा, आणि मग सरळ हातात आलं, तळहाताएवढी सुंदर, बदामाच्या आकाराची हँडॲक्स, आणि तिच्या मागोमाग वरचा हातभर भाग धपकन खाली. त्या ढिगाबरोबर काहीतरी काळपट लांबुडकं घरंगळताना मी पाहिलं, ते खालच्या गोट्यावर आपटलं आणि खडू मोडावा तसा आवाज आला.

हाड होतं. दगडासारखं जड झालेलं, आतून जाळीदार. बोटाच्या पेराएवढे तीन तुकडे हाताला लागले, बाकीचा चुरा गोट्यांत आणि पाण्याच्या कडेच्या चिखलात. सर आल्यावर आम्ही चौघांनी चहाच्या भांड्यापासून चाळणीपर्यंत जे मिळेल ते वापरून दुपारी दोनपर्यंत तो ढीग धुतला, त्यात अजून एक नखाएवढा कपचा मिळाला.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी त्यांच्यावर चिडले तरी असते. त्यांनी एकच विचारलं, कुठल्या थरात होतं?

मी म्हटलं, खालच्या.

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं, जिथून निघालं तिथे आता नुसती खोबण होती आणि ती दोन्ही थरांच्या मधोमध, वाळूसकट कोसळलेली. खालचा म्हटलं कारण खालचा म्हणजे जुना, आणि मला माझी वस्तू जुनी हवी होती. सरांनी लिहून घेतलं. रात्री जेवताना माझ्या घशाखाली भाकरी उतरेना, तेव्हा जाऊन सांगितलं की सर, नक्की नाही सांगता येत. त्यांनी फिल्डबुक काढलं, खालचा थर हे शब्द खोडले आणि वर लिहिलं, घसरलेल्या मातीतून. दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातात फोटोची पट्टी धरायचं काम आलं. ते हाड बैलाचं असणार, असं ते एवढंच म्हणाले. शक्य आहे, त्या थरांत रानबैल, हत्ती, पाणघोडे यांचीच हाडं मिळतात. असणार.

तेव्हाची मी मात्र गप्प बसत नाही. ती म्हणते, अगं, पुढच्या वर्षी तू तिथे गेलीस तेव्हा काय होतं? काहीच नव्हतं. पावसाळ्यात ती कडच नदीने नेली होती, चांगली दोन माणूस खोल आत. म्हणजे मी नसती ओढली तर ती हँडॲक्सही वाहून गेली असती, मग मी वाचवली की बिघडवली? आणि दुसरा मुद्दा ती आणखी बोचरा काढते. हथनोऱ्याच्या कवटीची जागा तर नीट नोंदलेली आहे ना, मग तिचं वय कुठे ठरलंय? आधी होमो इरेक्टस, म्हणजे आपल्या आधीची मानवजात, म्हणून नर्मदेन्सिस नाव मिळालं, १९९१मध्ये मानवशास्त्रज्ञ केनेडी आणि मंडळींनी म्हटलं की नाही, हा आद्य होमो सेपियन्स, म्हणजे आपल्याच जातीचा, मेंदूच्या आकारमानाचा अंदाज ११५५ ते १४२१ घनसेंमी. त्याच थरातल्या जनावरांच्या दातांवरून २००९ साली जे वय आलं ते ४८ हजारांहून जास्त आणि फार तर २ लाख ३६ हजार, एवढी मोठी फट. कारण तो थरच नदीने ठिकठिकाणचं उकरून एकत्र ओतलेला. म्हणजे नदीने आधीच हलवलेली वस्तू मी वीतभर हलवली, तर एवढं काय बिघडलं?

यावर माझ्याकडे उत्तर आहे आणि ते मला पुरत नाही. उत्तर असं की नदीने कुठून हलवलं हे शोधायला निदान तिने शेवटी कुठे ठेवलं हे तरी ठाऊक हवं, टोक प्रवाहाच्या दिशेला आहे का, कडा घासल्यात का ताज्या आहेत, शेजारचं हाड त्याच पुरातलं की नंतर घुसलेलं. माझ्या हँडॲक्सच्या कडा ताज्या होत्या. ब्लेडसारख्या. म्हणजे ती फार लांबून आलेली नव्हती, आणि तिच्या मागेच ते हाड होतं, आणि हाडावर कापल्याच्या खुणा होत्या का हे बघायला चार तुकडे पुरत नाहीत. बैलाचं असलं तरी. किंबहुना बैलाचं असलं तर जास्तच, कारण मग ते कुणाचं तरी जेवण असू शकत होतं.

मग ती म्हणते, सोड ना आता. मी म्हणते, तू खालचा का म्हणालीस? तिथे ती गप्प होते, पण पटलंय म्हणून नाही, मला ओळखते म्हणून.

तर आत्या, सापडलं. एका पेटीत कापसात आहे, चिठ्ठीवर माझं नाव नाही, थर नाही, नुसतं घसरलेल्या मातीतून. आता तू विचारणार की मग ते हाड माणसाचं नव्हतं कशावरून. विचारू नकोस, रात्री झोपताना मीच विचारते.