बदामीचा लाल कातळ आणि नऊजणांची टीम

नऊजणांत एकजण पूर्ण दृष्टिहीन, एकाचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम, एकीची उजवी बाजू सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूच्या इजेने स्नायूंवरचा ताबा कमी होतो) अशक्त आणि एकजण व्हीलचेअर वापरणारा, कमरेखाली संवेदना नसलेला. उरलेले पाच सह्याद्रीत नेहमी चढणारे. अशा टीमसाठी चढाईचा कातळ निवडताना श्रेणी, म्हणजे मार्ग किती अवघड ते, शेवटी बघायची. आधी बघायचं ते गाडीपासून पायथ्यापर्यंतचं अंतर आणि पायथ्याशी सपाट जागा आहे का, ते. कर्नाटकातली बदामी निवडली ती त्यासाठीच. शिवाय सह्याद्रीच्या बेसॉल्टवर दगड ठोकून बघत चढावं लागतं, तर इथला वालुकाश्म घट्ट आहे, त्यात आडव्या खाचा आहेत आणि कितीतरी मार्गांवर रोप अडकवायला बोल्ट मारलेले आहेत.

जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. बदामी स्टेशन सोलापूर-गदग मार्गावर आहे, गाव तिथून सुमारे 5 किलोमीटर. पाऊस पडून गेला असेल तर कातळ आतपर्यंत वाळू द्या. ओल्या वालुकाश्माची पकड तुटते. लेणी, मंदिरं आणि संरक्षित वास्तूंजवळ चढायचं नाही, चॉकसुद्धा (हातांना लावायची पांढरी पूड) लावायचा नाही.

पहिल्या दिवशी कुणालाही चढवण्याआधी दुर्बिणीने वरचा कातळ तपासला. मधमाश्यांची पोळी दिसली तर ती भिंत सोडून द्या. बाकीचे पळतील, पण दोरावर लटकलेल्याला पळता येत नाही, व्हीलचेअरवाल्यालाही नाही. अत्तर आणि धूर दोन्ही टाळा.

सगळी चढाई टॉप रोपवर, म्हणजे रोप चढणाऱ्याकडून वरच्या अँकरमधून (रोप अडकवायच्या पक्क्या आधारातून) जाऊन परत खाली येतो. दोन स्वतंत्र बोल्ट, त्यांना जोडणाऱ्या स्लिंगमधला (पट्ट्यामधला) कोन 60 अंशांच्या आत. कोन 120 अंश झाला की प्रत्येक बोल्टवर पूर्ण भार येतो. मुख्य बिंदूवर तोंडं विरुद्ध दिशांना ठेवलेले दोन लॉकिंग कॅराबिनर (तोंड बंद करून पक्कं करता येणाऱ्या कड्या). भिंत 25 मीटरची असली तरी 60 मीटरचा रोप लागतो, आणि त्याच्या मोकळ्या टोकाला गाठ हवीच.

नवखे एक गोष्ट हमखास विसरतात. चढणारा पायथ्याशी असताना रोप सगळ्यात जास्त लांब असतो, जवळजवळ 50 मीटर, आणि डायनॅमिक (ताणला जाणारा) रोप 80 किलोच्या भाराने 7-8 टक्के ताणला जातो. म्हणजे हिशेबाने साडेतीन-चार मीटर. वरच्या घर्षणामुळे तो ताण थोडा कमी होतो, तरी पहिल्या चार मीटरमध्ये पडलेला माणूस जमिनीवर आपटू शकतो. कृत्रिम पायावर किंवा एका हातावर चढणारे सुरुवातीलाच घसरतात, म्हणून तिथे रोप घट्ट खेचून धरा. बिलेयर (खालून रोप सांभाळणारा) 50 किलोचा आणि चढणारा 85 चा असेल तर बिलेयरला जमिनीवरच्या अँकरला बांधा.

दृष्टिहीन चढणाऱ्याला सूचना देणारा एकच हवा, बाकीच्यांनी गप्प बसायचं. सूचना देणारा भिंतीला चिकटून उभा राहिला तर त्याला वरचं काही दिसत नाही. आठ-दहा मीटर मागे हवा. घड्याळाचे काटे आणि आपली मापं चांगली चालतात: "उजवा हात, दोन वाजता, एक वीत." 'तिकडे' किंवा 'थोडं वर' म्हणून काही कळत नाही. चढण्याआधी मार्गाची रेघ चढणाऱ्याच्या पाठीवर बोटाने काढून दाखवा आणि गाठ त्याला स्वतः चाचपू द्या.

गुडघ्याखालचा कृत्रिम पाय स्लिंगने हार्नेसला (कमरेच्या पट्ट्यांना) बांधून ठेवायचा, सुटून खालच्याच्या डोक्यावर पडू नये म्हणून. घामाने सॉकेट (उरलेला पाय बसतो ती वाटी) सैल होतं, म्हणून दर चढाईनंतर पाय काढून, पुसून, कातडी बघा. लालसर डाग दिसला तर त्या दिवसाची चढाई तिथेच थांबवा.

अशक्त बाजू असलेल्या व्यक्तीला तिरपा मार्ग देऊ नका. अँकर सरळ डोक्यावर नसेल तर सुटल्यावर झोका बसतो आणि अशक्त बाजूच भिंतीला धडकते. सकाळच्या थंडीत स्नायू आखडतात, म्हणून तिची पाळी दहा वाजल्यानंतर लावली.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो व्हीलचेअरवाल्या साथीदाराच्या चढाईला. हातांनी तो चढतो, खालून आधार मिळतो 3:1 च्या मांडणीने. ग्रिग्री (रोपला ब्रेक लावणारं साधन) जमिनीवरच्या अँकरला. तिच्या वर, चढणाऱ्याकडे जाणाऱ्या रोपवर जुमार (रोपला एकाच दिशेने पकडणारी पकड), खाली ओढल्यावर पकडेल असा सरळ. जुमारला लावलेल्या पुलीतून रोपची ब्रेकची बाजू (ग्रिग्रीतून बाहेर येणारं मोकळं टोक) परत खाली. 3 मीटर ओढलं की माणूस 1 मीटर वर जातो. 70 किलोला हिशेबाने 24 किलोचा जोर पुरतो, पण घर्षणामुळे तो बराच जास्त लागतो. जुमार पुन्हा वर सरकवताना एक हात ब्रेकवरच असायला हवा.

इथला खरा धोका पायांचा. पाय खाचेत अडकला तरी त्याला कळत नाही आणि खालचे ओढत राहतात, त्यात हाड मोडू शकतं. म्हणून दोन्ही पाय मांडीशी आणि घोट्याशी पट्ट्याने एकत्र बांधा, जाड पँट आणि गुडघ्याला पॅड घाला. बाजूच्या रोपवर एक साथीदार फक्त पायांवर लक्ष ठेवायला असू द्या. त्याने 'ओढा' म्हटल्याशिवाय कुणी ओढायचं नाही. छातीचा हार्नेसही हवा, नाहीतर धड मागे कलंडतं. हार्नेसमध्ये फार वेळ लटकत ठेवू नका, खाली आल्यावर मांड्यांची कातडी बघा. मणक्याच्या वरच्या भागात इजा असेल तर घाम कमी येतो आणि अंग तापतं, म्हणून सावलीतली भिंत आणि पाण्याची फवारणीची बाटली.

व्हीलचेअर शेवटच्या दगडधोंड्यांत जात नाही. तिथे रोपच्या वेटोळ्याचं आसन करून दोघांनी त्याला उचललं, बाकीचे आळीपाळीने खांदा देत. पायथ्याशी जाड गादी आधी पोचवा, म्हणजे त्याला तापलेल्या दगडावर बसावं लागत नाही.

खाणं पिशवीत बंद ठेवा, माकडं सोडत नाहीत. जेवायला गावातल्या खानावळी, ज्वारीची भाकरी मिळते. राहण्याची जागा ठरवताना फोनवर 'बाथरूम मोठं आहे' एवढ्यावर विसंबू नका. दरवाजावर टेप धरून काढलेला फोटो मागवा आणि व्हीलचेअरची रुंदी मोजून त्याच्याशी ताडा.