आमची वाटचाल: मागाच्या खोलीतली फुलं

बेळगावच्या वडगावात सकाळी गजर लावावा लागत नाही, यंत्रमागच उठवतात. आमच्या घरचे दोन माग २०१८ साली विकले. टेम्पोत चढवताना सासरे बाहेर आलेच नाहीत. मागे राहिली ती कौलारू खोली, भिंतीत मुरलेला तेलाचा वास आणि आता हिचं काय करायचं हा प्रश्न.

मला फुलझाडांचा नाद माहेरपासूनचा. गल्लीतल्या बायका झेंडूची, शेवंतीची रोपं माझ्याकडून मागून न्यायच्या. फुकट. मिस्टर म्हणाले, नुसती वाटतेस त्यापेक्षा बी विक. एवढंच काय ते आमचं भांडवल आणि नियोजन. एका घाऊक व्यापाऱ्याकडून आठ प्रकारचं सुटं बी आणलं, खाकी पाकिटांत भरलं, पाकिटावर स्केचपेनने नावं लिहिली आणि वीस रुपयांना एक असं घरातून आणि ओळखीच्या दोन दुकानांतून विकायला सुरुवात केली. उन्हाळ्यात बरं गेलं. मी हुरळले आणि मे महिन्यात चारशेच्या वर पाकिटं भरून फळीवर रचून ठेवली.

मग बेळगावचा पावसाळा आला. इथल्यांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी लिहिते: आषाढात इथं आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पापड मऊ पडतात, आगपेटीची काडी ओढली तर गूल निघून येतो. त्या हवेत माझं बी कागदी पाकिटात बसलं होतं.

ऑगस्टमध्ये टिळकवाडीचे एक आजोबा तीन रिकामी पाकिटं घेऊन आले. आवाज चढवला नाही. "तुमचं बी वाईट म्हणत नाही मी. पण एक पण आलं नाही बगा." मी वाद घातला. खोल पेरलं असेल, पाणी जास्त झालं असेल, मुंग्यांनी नेलं असेल. ते गेल्यावर मात्र राहवेना. फळीवरचं झिनियाचं पाकीट फोडलं, दहा बिया ओल्या रुमालात गुंडाळून डब्यात ठेवल्या. झिनिया चार ते सहा दिवसांत मोड काढतो. सातव्या दिवशी दोन उगवल्या होत्या. झेंडूच्या तीन. दुसऱ्या दिवशी आजोबांच्या घरी जाऊन साठ रुपये परत दिले आणि उरलेली सगळी पाकिटं न्हाणीच्या चुलीत घातली. ते पाणी काही लवकर तापलं नाही, एवढं ते बी ओलं होतं.

बी जिवंत असतं, हे मला तोपर्यंत नुसतं ऐकून माहीत होतं. ते हवेतला ओलावा ओढतं, ओलं झालं की त्याचा श्वास वाढतो, आणि साठवलेली शक्ती जमिनीत जाण्याआधीच फळीवर संपते. बियाणं साठवणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: बियांतला ओलावा एका टक्क्याने उतरला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं तरीही तसंच. वाळवण्यालाही मर्यादा आहे म्हणा, पण आमच्या हवेत ती मर्यादा गाठायची वेळ येत नाही.

माझा पडलेला चेहरा बघून सासूबाईंनी माळ्यावरचं गाडगं काढलं. राखेत पुरलेल्या दोडक्याच्या बिया. "बी उन्हात टाकलं म्हणजे वाळलं असं नाही," त्या म्हणाल्या, "दाताखाली कट्ट वाजलं पाहिजे." वाकलं तर ओलं, तुटलं तर वाळलं. ही परीक्षा आम्ही अजूनही गोकर्ण आणि सूर्यफुलाला लावतो. बारीक बियांना दात चालत नाहीत. तिथं काचेची रबरी कडीची बरणी आणि तळाला सिलिका जेल, म्हणजे ओलावा ओढणारे खडे. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद गरम करून पुन्हा निळे करायचे. बरण्या फ्रिजमध्ये असतात, पण काढल्यावर लगेच उघडायच्या नाहीत. खोलीच्या हवेला येऊ द्यायच्या, नाहीतर गार बियांवर दव धरतं आणि सगळ्या मेहनतीवर पाणी. कागदी पाकीट गेलं, फॉइलचं आलं, किंमत पंचवीस झाली. पाच रुपयांसाठी काही गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

२०२० पासून साध्या जातींचं बी आम्ही स्वतः धरतो. खानापूरकडे माहेरची थोडी जमीन आहे, तिथं झेंडू, झिनिया, कॉसमॉस, तेरडा, गणेशवेल. सगळ्यात खट्याळ तेरडा. बोंड पिकलं की हात लागताच फुटतं आणि बी गवतात. म्हणून बोंड फुगून पिवळट पडायला लागलं की चिमटीत धरून थेट कागदाच्या पिशवीत तोडायचं. झेंडूचं फूल झाडावरच तपकिरी होऊ द्यायचं, मग ओढलं की काळ्या काड्यांचा झुपका हातात येतो. वाळवण सावलीत, पत्र्यावर कधीच नाही. मागाच्या खोलीतल्या जुन्या बाजांवर सुती लुगडी पसरून वाळवतो. संकरित झेंडूचं बी धरण्याचा मोह एकदा झाला होता. पुढच्या वर्षी एकाच वाफ्यात उंच, बुटके, एकेरी, दुहेरी, सगळी जत्रा भरली. संकरित बी आता दरवर्षी विकतच घेतो आणि गिऱ्हाइकालाही तसं सांगतो.

तरीही तक्रारी थांबल्या नाहीत, आणि आता चूक बियाची नव्हती. पेटुनियाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार बिया असतात. शंभर बियांचं पाकीट उघडलं की आत चिमूटभर धूळ. कॅम्पातल्या एका बाई "पाकीट रिकामंच दिलंय की ओ" म्हणून आल्या. तेव्हापासून पेटुनिया आम्ही पांढऱ्या रांगोळीत मिसळून पुडी बांधतो. कुठं पडलं ते दिसतं, आणि दाटही पडत नाही. त्यावर माती घालायची नाही, नुसतं तळहाताने दाबायचं, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. सदाफुलीचं नेमकं उलट: तिला अंधार हवा. पेरून कुंडीवर वर्तमानपत्राच्या चार घड्या टाका, पण दहाव्या दिवसापासून रोज डोकवा. बाकी बहुतेक बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल. गोकर्णाचं कवच दगडासारखं. रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचं, जे फुगणार नाही त्याची एक बाजू पॉलिश पेपरवर दोनदा घासायची आणि पुन्हा भिजत घालायचं.

हे सगळं पाकिटाच्या मागे छापलंय. मराठीत आणि कन्नडमध्ये, शेजारी-शेजारी, एकाच आकाराच्या अक्षरांत. कन्नड मजकूर पलीकडच्या घरातल्या कॉलेजच्या पोरीने लिहून दिला. झेंडूला तिच्याकडे ‘चेंडू हूवू’ म्हणतात हे कळल्यावर सासूबाई अर्धा दिवस हसत होत्या.

रोपांचा धंदा त्यातूनच आला. ९८ खणांचे ट्रे, आणि मातीऐवजी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. पहिल्या खेपेचं कोकोपीट आम्ही न धुता वापरलं आणि रोपांची पानं कडेने जळाली. नारळाच्या काथ्यात क्षार असतात. आता पाण्याचा तांबडेपणा उतरेपर्यंत दोन-तीनदा धुतो. दुसरा फटका रोपं कोलमडण्याचा. संध्याकाळी छान उभी, सकाळी मातीलगत दोरा झाल्यासारखा देठ आणि रोप आडवं. बुरशी. हिवाळी फुलं, म्हणजे पॅन्सी, डायंथस, अँटिरिनम, आम्ही हौसेने ऑगस्टच्या झडीत पेरली होती. आता पाऊस उघडल्याशिवाय, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, त्यांना हात लावत नाही. पाणी सकाळीच, तेही ट्रेखालून. दसऱ्याच्या झेंडूला मात्र थांबून चालत नाही. पेरणीपासून फुलापर्यंत दोन-अडीच महिने जातात, म्हणून जुलैच्या सुमारास वडगावच्या मंगाई देवीची यात्रा झाली की प्लास्टिकच्या छपराखाली तो पेरायचा. एखाद्या वर्षी झडीत उजेड मिळत नाही, रोपं लांबुळकी होतात. ती आम्ही विकत नाही, परसात लावतो. परसात आता जागा नाही.

आज मी, मिस्टर आणि गल्लीतल्या दोघी काम करतो. निपाणी, चंदगड, गडहिंग्लजहून मागणी येते, बरीचशी फोनवर. प्रत्येक बरणीतून महिन्यातून एकदा बी काढून रुमालात ठेवायचं आणि मोजायचं. शंभरात सत्तरच्या खाली आलं की ती बरणी विक्रीतून बाद. मोजणी सासऱ्यांकडे असते. चष्मा लावून, वहीत तारीख घालून, पूर्वी कापडाचे वार लिहायचे त्याच अक्षरात. गेल्या सोमवारी त्यांनी कॉसमॉसची एक बरणी बाद केली. अडुसष्ट होते. मी म्हटलं, दोनच कमी आहेत. त्यांनी वही मिटली आणि बरणी माझ्या हातात दिली.